ज्वालाचित्रण, वाहनांवरील
मोटारसायकल, मोटारगाडी, ट्रॅक्टर, मालमोटार इ. वाहनांच्या पत्र्यावर वायुकुंचल्याने (रंगाचा अतिशय बारीक फवारा मारणाऱ्या हत्याराने) आगीच्या ज्वाळा रंगविण्याच्या कामास ज्वालाचित्रण म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. रेखाबद्ध प्रकारात ज्वाळेची आकृती सपाट रंगाने भरून तिच्या कडेने बारीक रेघ ओढतात. वास्तवदर्शी प्रकारात रेघ मुळीच नसते. पत्राच पेटला आहे असा भास निर्माण करणे हा त्यात हेतू असतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे दुसऱ्या प्रकाराचे विवेचन केले आहे. हे काम वाहनाच्या कारखान्यात होत नाही. वाहन विकत घेतल्यानंतर मालकाच्या हौसेप्रमाणे ते लहान कर्मशाळेत, एकाच माणसाच्या हातून होते. त्यातील सौंदर्य आणि त्यातील धोका ही दोन्ही या परिस्थितीतूनच येतात.

पार्श्वभूमी : भारतीय शिल्पात ज्वाळा नवीन नाही. नटराजाच्या प्रभावळीवरील ज्वाळांची माळ सर्वपरिचित आहे, तर मुंडकोपनिषदात अग्नीच्या सात जिव्हा नावानिशी सांगितल्या आहेत. परंतु ही ज्वाळा ठराविक साच्याची असते. ती आग दाखवीत नाही, आगीची खूण सांगते. वाहनावरील रेखाबद्ध ज्वाळाही याच जातीची होय. ती विशेषतः अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात दुसऱ्या महायुद्धानंतर लोकप्रिय झाली. जुन्या मोटारगाड्यांची एंजिने बदलून त्या शर्यतीत पळविणाऱ्या तरुणांच्या गाड्यांवर एंजिनाच्या झाकणापासून मागे धावणाऱ्या ज्वाळा दिसू लागल्या. केनेथ हॉवर्ड (व्हॉन डच या टोपणनावाने प्रसिद्ध, १९२९–९२), एड रॉथ (१९३२–२००१) व डीन जेफ्रीझ (१९३३–२०१३) यांची नावे या संदर्भात घेतली जातात. वास्तवदर्शी ज्वाळा पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर प्रचारात आली. तिची पद्धत बसविण्याचे व शिकविण्याचे श्रेय प्रामुख्याने माइक लव्हॅली या अमेरिकन चित्रकाराला दिले जाते.

साधने मात्र त्याआधीच तयार झाली होती. वायुकुंचल्याच्या प्रारंभीच्या रूपांचे शोध अमेरिकेत १८७० नंतरच्या दशकात लागले. चार्ल्स बर्डिक यांनी १८९३ मध्ये त्याला आजच्या जवळचे रूप दिले. दीर्घकाळ त्याचा उपयोग मुख्यतः छायाचित्रे सुधारण्यासाठी होई. वाहनांना रंग देणारी मोठी फवारणी-बंदूक वेगळ्या कुळातली आहे. डी व्हिल्बिस या अमेरिकन डॉक्टरांनी घशात औषध फवारण्यासाठी केलेल्या उपकरणावरून त्यांचे पुत्र टॉमस यांनी १९०७ च्या सुमारास ती तयार केली. घशाच्या उपचारातून निघालेले हे हत्यार पुढे रंगाऱ्याच्या छातीला अपायकारक ठरावे, हा योगायोग चमत्कारिक आहे. १९२३ मध्ये लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींसाठी वापरात आले. दुरंगी मोटारींचे रंगकाम सुकर व्हावे म्हणून रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये मास्किंग टेप शोधून काढली. हाताने रंगविलेल्या ज्वाळेला लागणारी सामग्री या दोन गोष्टींनी पूर्ण झाली.

महाराष्ट्रात वाहन सजविण्याच्या हौसेला ग्रामीण जीवनाचा आधार आहे. पोळ्याला किंवा बेंदराला बैलाची शिंगे रंगवून त्याच्या अंगावर झूल घालणारा शेतकरी दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा करतो, यात विसंगती नाही. पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत हे विशेष स्पष्टपणे दिसते. एरवी अवर्षणप्रवण असलेल्या या प्रदेशात नीरा डाव्या कालव्यामुळे ऊस पिकतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथे साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास सुरू होणाऱ्या गाळप हंगामात ट्रॅक्टरला जोडलेले दोन-दोन ट्रेलर, मालमोटारी व टायरगाड्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. हंगामापूर्वी वाहनाची डागडुजी करून घेताना मालक रंगकामही उरकून घेतो. गावाचे वा मुलांचे नाव, कुलदैवत, पट्टे, पक्षी अशा सजावटीत ज्वाळा ही खर्चाची व त्यामुळे विरळा बाब ठरते. ती सहसा मोटारसायकलच्या टाकीवर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर काढवून घेतली जाते. ‘पेंटर’ हा शब्द मराठीत नुसता व्यवसाय सांगत नाही, तो नावाला जोडला जातो. कोल्हापूरचे चित्रपटनिर्माते बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तालुक्याच्या गावचा पेंटर पाट्या, भिंतीवरील जाहिराती व वाहनांचे क्रमांक अशी सर्व कामे करतो. वायुकुंचल्याचा परिचय मात्र अनेकांना गणेशमूर्तींच्या कारखान्यात होतो. मूर्तीच्या गालावरील व सोंडेवरील छटा याच हत्याराने उतरवितात.

ज्वाळेचे दृश्य स्वरूप : ज्वाळा रंगविणे अवघड आहे, कारण ती वस्तू नसून प्रकाशाचा उगम आहे. लाकूड, तेल वा मेण जळताना ज्वाळेत काजळीचे सूक्ष्म कण तयार होतात आणि १,०००° से.हून अधिक तापून पिवळे-नारिंगी प्रकाशतात. वर जाताना ते थंड होतात, तेव्हा रंग तांबड्याकडे झुकतो व शेवटी नाहीसा होतो. बुडाशी हवा व इंधन चांगली मिसळलेली असल्यास काजळी बनत नाही. तेथे अल्पजीवी रेणूंच्या उत्सर्जनामुळे निळी झाक दिसते. पिवळ्या ज्वाळेच्या टोकाला निळा रंग देण्याची चाल काही ठिकाणी आढळते. ती आकर्षक दिसत असली, तरी चुकीची आहे.

ज्वाळेला कडा नसते आणि ती पारदर्शक असते. एका जिभेमागची दुसरी जीभ तिच्यातून दिसते. ती स्वतः प्रकाश देते, तर रंग केवळ पडलेला प्रकाश परत पाठवितो. उत्तम पांढरा रंगही पडलेल्या प्रकाशाहून अधिक प्रकाश देऊ शकत नाही. ज्वाळा प्रत्यक्षात उजळ करता येत नसल्यामुळे चित्रकाराला भोवतालचा भाग गडद करावा लागतो. वास्तवदर्शी ज्वाळांची भूमी बहुधा काळी असते, ती या कारणाने. पांढऱ्या मोटारीवर तशीच ज्वाळा काढण्याचा आग्रह मालकाने धरला, तर तिचा परिणाम चटणी सांडल्यासारखा होतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. उघड्या डोळ्याला ज्वाळा सतत हलणारी, पुसट दिसते. तिचे वळलेले पापुद्रे, तुटून वर गेलेले तुकडे व चक्राकार वळणे हे सर्व सेकंदाच्या काही शतांश किंवा सहस्रांश भागात घेतलेल्या छायाचित्रातच दिसते. ज्या ज्वाळेला लोक ‘हुबेहूब’ म्हणतात ती कॅमेऱ्याने दाखविलेली ज्वाळा होय. चुलीसमोर आयुष्य काढलेल्या माणसाने पाहिलेली नव्हे.

साधने : वायुकुंचला लेखणीसारखा हातात धरतात. त्यातून जोराने जाणाऱ्या हवेमुळे मुखनळीपाशी दाब कमी होतो, रंग ओढला जातो व त्याचे सूक्ष्म थेंब होतात. मुखनळीचे छिद्र साधारणपणे ०·२ ते ०·५ मिमी. असते, तर गाडीला एकसारखा रंग देणाऱ्या बंदुकीचे १·२ ते १·८ मिमी. असते. एकाच कळीने हवा व रंग दोन्ही सुटणारा कुंचला शिकाऊ माणसाला बरा. या कामासाठी दुहेरी क्रियेचा कुंचला लागतो. त्याची कळ खाली दाबली की हवा येते व मागे ओढली की रंग येतो. हवेचा दाब दर चौ. सेंमी.ला १ ते २·५ किग्रॅ. पुरतो. कुंचला पत्र्याजवळ नेल्यास केसासारखी रेघ येते, दूर नेल्यास धुक्यासारखी छटा पडते. सारे चित्र या अंतराच्या चढउतारावर उभे असते. गॅरेजमधील कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी व तेल असते. ते गाळून घेतले नाही, तर चित्रावर माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग उमटतात.

कृती : चित्राचा टिकाऊपणा पत्र्याच्या तयारीवर अवलंबून असतो आणि तीत सर्वाधिक वेळ जातो. गंज व जुना सुटलेला रंग काढून खड्ड्यांत पुट्टी भरतात, पॉलिश कागदाने घासतात, प्राइमर मारून पुन्हा पाणी लावून घासतात व त्यावर काळा रंग देतात. काळा थरही हलका घासून त्याची चकाकी मारावी लागते, नाहीतर पुढचे थर त्याला धरत नाहीत. नवीन वाहनावरील कारखान्याचा रंग चांगला असेल, तर तो खरवडून काढू नये. तो केवळ घासून त्यावरच काम करावे.

नंतर पांढऱ्या पेन्सिलीने किंवा अगदी विरळ फवाऱ्याने ज्वाळांचा ओघ ठरवितात. वाहन पुढे जात असल्याने ज्वाळा पुढून मागे वाहिल्या पाहिजेत आणि त्यांची वळणे सर्पाकार पण एकमेकांहून वेगळी असली पाहिजेत. सारख्या अंतरावर सारख्या उंचीच्या जिभा आल्या, की आगीऐवजी तोरण दिसू लागते.

पहिला रंग अपारदर्शक असावा लागतो. काळ्यावर पारदर्शक तांबडा कितीही मारला तरी दिसत नाही. शिकाऊ माणसाची पहिली फसगत येथेच होते. म्हणून नारिंगी किंवा तांबूस अपारदर्शक रंगाने ज्वाळांची मोठी वळणे मोकळ्या हाताने, धुरकट काढतात. मग वळणदार कडेची पट्टी (कागद वा प्लॅस्टिक पत्र्याची) हातात धरून तिच्या कडेवर फवारा मारतात. पट्टीच्या बाजूला धारदार कड उमटते व दुसऱ्या बाजूला रंग विरत जातो. एक कड तीक्ष्ण व दुसरी विरघळलेली, हेच ज्वाळेच्या पापुद्र्याचे लक्षण होय. पट्टी सतत फिरवीत राहून, मध्येच ती दूर धरून, अशा अनेक जिभा एकमेकींवर रचतात.

यानंतर साऱ्या चित्रावर पारदर्शक तांबडा किंवा नारिंगी रंग देतात. पेंटर त्याला ‘कँडी’ म्हणतात. त्याखाली पहिल्या जिभा मागे सरकल्यासारख्या वाटतात. मग त्यांच्यावर, थोड्या कमी जागेत, पिवळसर अपारदर्शक रंगाने नव्या जिभा काढतात. पुन्हा पारदर्शक नारिंगी. पुन्हा कमी जागेत फिकट पिवळा. शेवटी पारदर्शक पिवळा. प्रकाश वरच्या पारदर्शक थरांतून खाली जाऊन अपारदर्शक थरावरून परत येतो व वाटेत गाळला जातो, म्हणून रंगाला आतून उजेड असल्याचा भास होतो. पांढरा रंग दोन-तीन ठिकाणीच, जिथे अनेक जिभा एकमेकींना छेदतात तिथे, ठिपक्याएवढा द्यावा. नवशिका पांढऱ्याने काम सुरू करतो. जाणता त्याने संपवितो आणि बहुधा त्यातलाही निम्मा झाकून टाकतो. कुठे थांबावे हे कळणे या कामात हातातील सफाईपेक्षा अधिक दुर्मिळ आहे, कारण प्रत्येक थरागणिक काळी भूमी कमी होत जाते आणि तीच तर ज्वाळेला उजेड देत असते.

अखेरीस चित्रावर स्वच्छ, रंगहीन लेप (क्लिअर कोट) देतात. त्याची जाडी वाळल्यावर सु. ४० ते ६० मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ माणसाच्या केसाइतकी असते. जंबुपार किरण शोषणारे द्रव्य त्यात असले, तर उन्हात रंग टिकतात. बारामती-इंदापूर भागात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या आसपास जाते आणि रस्त्यांची धूळ ओल्या लेपावर बसते, म्हणून जमिनीवर पाणी मारून, सकाळच्या वेळी हे काम उरकतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे लॅकरवर पांढुरकी झाक येते. पूर्ण झालेल्या चित्रावर ओरखडा खोल गेल्यास तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही. थरांचा तोच क्रम व तीच जाडी पुन्हा जुळत नसल्यामुळे तो सर्व पत्राच नव्याने रंगवावा लागतो.

रंगाऱ्याचे आरोग्य : बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पिआज्जो कंपनीचा तीनचाकी वाहनांचा कारखाना असून २०१२ पासून तेथे व्हेस्पा स्कूटरही तयार होऊ लागली. वाहनांच्या आधुनिक कारखान्यांत रंग बंदिस्त कक्षात देतात व भट्टीत भाजून पक्का करतात. गॅरेजमधील पेंटरपाशी भट्टी नसते. त्याला हवेच्या तापमानालाच कठीण होणारा लेप हवा असतो, आणि ती सोय दोन घटकांच्या पॉलियुरेथेन लेपाने होते. त्याचा दुसरा घटक, म्हणजे डब्यासोबत मिळणारा ‘हार्डनर’, आयसोसायनेट वर्गातील रसायनांचा असतो. काचेसारखी चकाकी देणारा आणि पेट्रोल सांडले तरी न विरघळणारा हा लेपच कामातील सर्वांत घातक टप्पा होय.

फवाऱ्यातील आयसोसायनेट फुप्फुसात गेल्याने व्यवसायजन्य दमा होतो. शरीर एकदा त्याला संवेदनशील झाले, की पुढे अत्यल्प मात्राही धाप लागण्यास पुरते. अशा माणसाला पुष्कळदा हे काम कायमचे सोडावे लागते. प्रारंभीची लक्षणे—छाती भरून येणे, रात्रीचा खोकला, सुट्टीच्या दिवशी बरे वाटणे—थंडीची किंवा धुळीची समजून सोडून दिली जातात. या रसायनाला ठळक वास नसतो. थिनरचा वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली, हा समज त्यामुळे फसवा ठरतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी पट्टी सूक्ष्म थेंब व बाष्प यांपैकी काहीच अडवीत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा हा खरा उपाय आहे. तो महाग असल्याने निदान बाष्पशोषक कोळसा व धूळगाळणी असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा वापरून त्याच्या डब्या वेळेवर बदलाव्यात, अंगावर पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे घालावेत आणि लेप देताना मदतनीस मुलांना शेडमध्ये थांबू देऊ नये. लेपाऐवजी एकाच घटकाचे लॅकर वापरल्यास आयसोसायनेट टळते, पण चित्राचे आयुष्य घटते. ही अदलाबदल मालकाला आधी सांगितली पाहिजे.

दुसरा धोका ज्वाळेच्या रंगांतच आहे. स्वस्त, झाकणारा पिवळा व नारिंगी रंग पुष्कळदा शिशाच्या क्रोमेटपासून बनवितात. भारतात २०१६ च्या नियमांनी रंगातील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घातली, परंतु ती घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती आहे. वाहनांच्या रंगांचा डबा घेताना शिसेविरहित असल्याची खात्री पेंटरलाच करावी लागते. असा जुना रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासल्यास त्याची धूळ उडत नाही. थिनरचे बाष्प हवेपेक्षा जड असते व जमिनीलगत साचते. शेडच्या कोपऱ्यात चहासाठी पेटविलेला स्टोव्ह ही अशा जागी खरी ज्वाळा ठरते.

नियम व रस्ता : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये होणाऱ्या नोंदणीत वाहनाचा रंग नमूद असतो. मूळ रंग झाकला जाईल एवढे मोठे काम केल्यास नोंदणी पुस्तकात बदल करून घ्यावा लागतो. बारामती कार्यालयाची नोंदणी एमएच ४२ या क्रमांकाने ओळखली जाते. सैन्यदलाचा ऑलिव्ह हिरवा रंग इतरांना वर्ज्य आहे. भाड्याच्या वाहनांना परवान्यात ठरलेल्या रंगाचेही बंधन असते. वाहनाच्या मागील बाजूचा मजकूरही नियमांपासून मुक्त नाही : ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द मालवाहू वाहनांवर लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी करण्यात आली.

संगणकावर आकृती कापून देणाऱ्या ‘रेडियम’च्या दुकानांनी पेंटरचे बरेचसे काम घेतले आहे. ज्वाळांचे छापील चिकटपट तेथे तयार मिळतात. ते स्वस्त असून तासाभरात लागतात, परंतु उन्हाने त्यांच्या कडा सुटतात आणि एकच ज्वाळा दहा गाड्यांवर दिसते. या पटांत रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते. पूर्वी घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या काट्यांना रेडियमयुक्त रंग देत, त्यावरून चमकणाऱ्या कोणत्याही पट्टीला हे नाव पडले. खरी परावर्तक पट्टी वेगळी असते. तीत काचेचे सूक्ष्म मणी किंवा लोलक असतात व ते दिव्याचा प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवितात, म्हणून मागून येणाऱ्या चालकाला ती दुरून दिसते. रंगविलेली ज्वाळा प्रकाश सर्व दिशांना विखुरते. दिवसा जी पेटलेली भासते ती काळ्या भूमीवरची ज्वाळा रात्री, हेडलाइटच्या उजेडात, अंधाराहून फारशी वेगळी दिसत नाही.

ऊस वाहणाऱ्या ट्रेलरच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतणारा असतो. वाढे मागे लोंबत असल्याने दिवे झाकले जातात, शेताचा चिखल परावर्तकांवर बसतो आणि पुणे-सोलापूर महामार्गावर किंवा कारखान्याच्या वाटेवर बंद पडलेला ट्रेलर मागच्या वाहनाला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागे तांबडे परावर्तक आवश्यक आहेत. रंगकामाच्या वेळी ते काढून ठेवावेत किंवा टेपने पूर्ण झाकावेत; त्यांच्यावर फवाऱ्याचा पातळ थर बसला तरी त्यांची परावर्तनशक्ती जाते आणि थिनरने पुसल्यास प्लॅस्टिक धुरकटते. काम संपल्यावर जुने परावर्तक पुन्हा बसविण्यापेक्षा नवे लावणे अधिक चांगले. त्यांचा खर्च चित्राच्या खर्चाच्या मानाने क्षुल्लक असतो.